नामदार गोखले आणि शाळेचा खर्च

बसवनगुडीच्या बुल टेंपल रस्त्यावर नामदार गोखले यांचे नाव धारण करणारी एक सार्वजनिक संस्था आहे. विख्यात कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती 1945 मध्ये स्थापन केली. गोखल्यांचे कन्नड चरित्रही त्यांनी लिहिले. ज्यांना या भूमीने आपले मानले, त्या गोखल्यांचे एक अपुरे राहिलेले कार्य आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील अकाली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा 15 रुपयांची नोकरी धरली व त्यातले 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. 1884 मध्ये गोखले बी. ए. झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन, 1902 पासून वरिष्ठ कायदे कौन्सिलचे सभासदत्व, 1905 मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद आणि भारत सेवक समाजाची स्थापना हा क्रम सर्वश्रुतच आहे.

परंतु ज्या घरी गोविंदराव नाहीत, तेथील मुलाने शिकावे कसे? 16 मार्च 1911 रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. 6 ते 10 वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिका व लोकल बोर्डांस द्यावा, अशी ती योजना होती. नुसत्या सक्तीने गरीब बोर्डाची शाळा चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने सोसावा, असे त्यांनी सुचविले. सरकारने विरोध केला आणि मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी विधेयक बारगळले. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, अवघ्या 48 व्या वर्षी, गोखले निवर्तले.

6 ते 14 वर्षांच्या मुलामुलींस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा अमलात आला तो 1 एप्रिल 2010 रोजी. तरीही आपली मुले भारी शुल्काच्या शाळांत जातात आणि आपल्या घरी राबणाऱ्या बाईंची मुले सरकारी शाळेत. हक्क एकच, शाळा मात्र दोन तऱ्हेच्या. खर्चाचा भार कोणी किती उचलावा, हा गोखल्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सरकारी शाळेची आस्था आपणांसही असावी, हेच त्यांचे खरे स्मरण होय.