पंडिता रमाबाई : परदेशांतील ग्रंथकर्त्री

ग्रंथकाराचें काम लेखणी खालीं ठेवतांच संपतें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु जो स्वदेशापासून हजारों मैल दूर आहे, ज्याला वाचक ओळखत नाहींत आणि ज्याची भाषाही त्यांच्याहून निराळी आहे, त्याचें निम्में काम तेथूनच सुरू होतें. पंडिता रमाबाई सरस्वती यांची विद्वत्ता, त्यांचें शारदासदन आणि केडगांवचें मुक्तिसदन हीं सर्वांस ठाऊक आहेत. पण शारदासदनाचा पाया परमुलखांत छापलेल्या एका लहानशा पुस्तकानें घातला, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. तोच चरित्रभाग विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताची पर्वा न करतां आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें होतें. त्या लक्ष्मीबाईंनीं मुलीस शिकविलें. पुढें हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत फिरूं लागलें. दुष्काळानें आईबाप नेले. मग रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास पायींच हिंदुस्थानभर हिंडले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. अनोळखी श्रोत्यांपुढें उभें राहून त्यांचें मन वेधून घेण्याची विद्या बाई पुस्तक छापण्याच्या कितीतरी आधीं, देवळांच्या ओसरीवर शिकल्या होत्या. ती त्यांस जन्मभर पुरली.

१८८० सालीं बंधु गेले. त्याच सालीं बाबू बिपिन बिहारी दास यांच्याशीं विवाह झाला. परंतु १८८२ च्या प्रारंभीं पटकीनें तेही गेले. पदरीं वर्षाच्या आंतली मुलगी मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आपल्या नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें जन्मलेले न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व त्यांच्या मित्रमंडळींनीं त्यांचें स्वागत केलें. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि त्याच १८८२ सालीं 'स्त्रीधर्मनीति' हें आपलें पहिलें मराठी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या उत्पन्नांतून त्यांच्या विलायतेच्या प्रवासखर्चाची सोय झाली. पुस्तक हें केवळ विचार पोहोंचविण्याचें साधन नसून त्यानें एखादें कार्य उभें राहूं शकतें, हा धडा त्यांस येथें मिळाला.

एप्रिल १८८३ मध्यें त्या मुंबईहून निघाल्या. इंग्लंडमध्यें वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. तेथें त्या इंग्रजी शिकत आणि भगिनींस मराठी शिकवीत. प्रवासाचें वर्णन त्यांनीं पत्ररूपानें मुंबईस सदाशिव पांडुरंग केळकर यांस लिहून पाठविलें, आणि तें त्याच सालीं मुंबईस पुस्तकरूपानें निघालें. लेखिका एका खंडांत व छापखाना दुसऱ्या खंडांत, अशी ही व्यवस्था! त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नंतर चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत त्या शिकल्या व तेथें संस्कृत शिकवूंही लागल्या. वैद्यक शिकण्याचा त्यांचा मूळ विचार होता. परंतु ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें तो सोडावा लागला.

१८८६ च्या मार्चमध्यें त्या अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं उतरल्या. कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाई जोशी तेथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून ११ मार्च रोजीं पदवी घेणार होत्या. त्या समारंभासाठीं हा प्रवास होता. थोडक्या मुक्कामाच्या हेतूनें आलेल्या बाई अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. आनंदीबाई स्वदेशीं परतल्या, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें क्षयानें निधन झालें. त्या वेळीं त्यांचें वय पुरतें बावीस वर्षांचेंही नव्हतें.

या शोकाच्या छायेंतच त्याच वर्षीं 'द हाय कास्ट हिंदु वुमन', म्हणजे उच्चवर्णीय हिंदु स्त्री, हें पुस्तक फिलाडेल्फिया येथें रॉजर्स यांच्या छापखान्यांत छापून निघालें. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉक्टर रेचल बॉड्ली यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिका मात्र बाईंनीं आपली आई लक्ष्मीबाई हिच्या स्मृतीस वाहिली. बाळपण, विवाह, धर्मांतील व समाजांतील स्त्रीचें स्थान, वैधव्य, अशी एकेक पायरी चढत पुस्तक शेवटीं एका विनंतीपाशीं येतें : उच्चवर्णीय विधवांसाठीं अशी शाळा हवी कीं, जेथें त्यांस विद्या मिळेल आणि आपल्या पायांवर उभें राहतां येईल. इंग्रजी भाषा ज्या स्त्रीनें चोविसाव्या वर्षाच्या सुमारास शिकावयास घेतली, तिनें पांच वर्षांत त्या भाषेंत हें पुस्तक लिहिलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी.

पुस्तक निघालें, तें वाचकांपर्यंत जावें कसें? रमाबाई स्वतःच त्याचा प्रसार करूं लागल्या. अंगावर पांढरें लुगडें, कानांनीं अधू, अशी ही लहानखुरी बाई अमेरिकेच्या व कानडाच्या गांवोगांवीं व्याख्यानें देत फिरली. फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपाननिषेधक स्त्रीसंघाचा त्यांस मोठा आधार मिळाला. व्याख्यान ऐकणारा पुस्तक घेई, आणि पुस्तक वाचणारा व्याख्यानास येई. पाहतां पाहतां हजारों प्रती खपल्या. मुख्य गोष्ट पुढेंच आहे. वाचकांचा क्षणभराचा कळवळा विरून जाऊं नये म्हणून गांवोगांवीं 'रमाबाई मंडळें' निघालीं, आणि १८८७ च्या डिसेंबरमध्यें बोस्टन येथें अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन नियोजित शाळेस दहा वर्षें साहाय्य देण्याचें ठरलें.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणें बरें नव्हे. आपल्या घरचें दुःख परक्यांच्या ओसरीवर सांगावें काय? अनेक स्वदेशीयांस हें मुळींच रुचलें नाहीं. याानें देशाची नाचक्की होते असें त्यांस वाटे. बाई परत आल्यावरही हा वाद शमला नाहीं. १८९५ सालीं ब्रुकलिन येथें स्वामी विवेकानंद व्याख्यानें देत असतां तेथील रमाबाई मंडळाचा व त्यांचा हिंदु विधवांच्या स्थितीवरून वाद झाला व तो वर्तमानपत्रांतही गाजला. देशाभिमान दोन्हीं बाजूंस होता. एकास देशाची थोरवी जगास दाखवावयाची होती. दुसरीस देशांतील मुक्या स्त्रियांचे अश्रु पुसावयाचे होते.

रमाबाईंच्या प्रामाणिकपणाची कसोटी मात्र त्यांच्या दुसऱ्या पुस्तकानें लागते. अमेरिकेंतील समाजस्थितीवर त्यांनीं मराठींत एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १८८९ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापून प्रसिद्ध झाला. त्यांत तेथील लोकसत्ता, शिक्षण व स्त्रियांचा उद्योग यांची मोकळ्या मनानें स्तुति आहे. पण काळ्या लोकांवर व तद्देशीय इंडियन लोकांवर झालेल्या अन्यायाकडे त्यांनीं डोळेझांक केली नाहीं. ज्यांनीं साहाय्य दिलें त्यांचेही दोष आपल्या लोकांपुढें मांडण्यास त्या कचरल्या नाहींत. तिकडे इकडचें खरें सांगितलें, तसेंच इकडे तिकडचेंही खरें सांगितलें. दोन देशांच्या मध्यें उभ्या राहणाऱ्या लेखकाचें इमान याहून वेगळें तें काय असावें?

१ फेब्रुवारी १८८९ रोजीं त्या मुंबईस पोहोंचल्या, आणि ११ मार्च रोजीं तेथें शारदासदन उघडलें. आनंदीबाईंस पदवी मिळाली त्या दिवसास त्या तारखेस बरोबर तीन वर्षें झालीं होतीं. गोदूबाई नांवाची एक तरुण विधवा सदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होती. पुढें त्याच आनंदीबाई या नांवानें महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. १८९० सालीं सदन पुण्यास आलें. १८९३ च्या सुमारास मुलींच्या धर्मांतरावरून मोठें वादळ उठलें, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं संबंध तोडला, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. तरीही काम बंद पडलें नाहीं. पुढें दुष्काळांत सांपडलेल्या शेंकडों मुलीबाळींस केडगांवीं आसरा मिळाला.

तेथें बाईंनीं छापखानाही घातला. मूळ भाषांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यास त्यांनीं अनेक वर्षें वेंचलीं, आणि आश्रमांतील स्त्रियाच खिळे जुळवून तें छापूं लागल्या. एके काळीं ज्यांच्या हातीं पाटीही पडली नव्हती, त्यांच्या हातीं आतां मजकुराचे खिळे होते. १९२१ सालीं मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनींही देह ठेवला.

आज मराठी घरांतील कितीतरी मुलें परदेशीं शिकावयास जातात, तेथें राहतात आणि तेथून लिहितात. पुस्तक दूरवर धाडणें पूर्वींइतकें कठीण राहिलेलें नाहीं. परंतु परक्यांस आपल्या घराविषयीं खरें सांगणें, घरच्यांस परक्यांविषयीं खरें सांगणें, आणि त्या लिहिण्यानें जें मिळेल तें ज्यांच्या दुःखाविषयीं लिहिलें त्यांच्या पदरांत घालणें, हीं तीन कामें पूर्वींइतकींच अवघड आहेत. रमाबाईंनीं तीं तिन्ही केलीं. आमच्या वाचकांपैकीं एखाद्या मुलीच्या वा मुलाच्या हातीं उद्यां अशी लेखणी आली, तर हें चरित्र तिला वा त्याला उपयोगीं पडो.