सुतार जॉन हॅरिसन

जॉन हॅरिसन यांचा जन्म १६९३ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील सुतार होते. जॉनही सुतारकाम शिकले. विशीत त्यांनी घड्याळ बनवलं. त्याची चाकं चक्क लाकडाची होती!

त्या काळी भर समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे, ते कळत नसे. जहाजं खडकांवर आपटून बुडायची. निघालेल्या बंदराची वेळ अचूक माहीत असेल, तर जागा काढता येते. पण हलत्या जहाजावर घड्याळं चुकायची. १७१४ साली सरकारने मोठं बक्षीस जाहीर केलं.

जॉन तीस वर्षं खपले. त्यांचं चौथं घड्याळ १७६१ च्या सफरीत ८१ दिवसांत जेमतेम ५ सेकंद मागे पडलं. तरी सरकारने अर्धे पैसे अडवून ठेवले. ते हातात पडले, तेव्हा जॉन ८० वर्षांचे होते.

ती घड्याळं आजही ग्रीनिचला बघायला मिळतात.