बीसीजीमधला ‘सी’ आणि नागाचे विष

बाळाच्या डाव्या दंडावर टोचल्या जाणाऱ्या बीसीजी लसीच्या नावातला ‘सी’ म्हणजे आल्बेर काल्मेत. मालवण-देवगडच्या कातळसड्यावर फुरसे चावलेल्या माणसाला सरकारी रुग्णालयात जे प्रतिविष दिले जाते, त्याचा उगमही याच फ्रेंच डॉक्टरच्या कामात आहे.

काल्मेत यांचा जन्म १८६३ चा, नीस शहरातला. नौदलात डॉक्टर असलेले काल्मेत १८९१ मध्ये पाश्चर यांच्या संस्थेची प्रयोगशाळा उभारायला व्हिएतनाममधील सायगावला गेले. तिथे पुराच्या पाण्यामुळे एका गावात नाग घराघरांत शिरले आणि काही माणसे दगावली. त्यातले जिवंत नाग काल्मेत यांच्या हाती आले. विषाची मात्रा थोडी थोडी वाढवत दिली, तर जनावर ते सोसते आणि त्याच्या रक्तातला द्राव दुसऱ्या जनावराला वाचवतो, हे त्यांनी १८९४ मध्ये दाखवले. पॅरिसमध्ये फिसालिक्स आणि बेर्त्राँ यांनाही त्याच वर्षी हेच आढळले. पुढे लील शहरात काल्मेत घोड्यांपासून हे औषध बनवू लागले.

नागाच्या विषाने श्वास का थांबतो, याचा उलगडा बराच नंतर झाला. नसेचा निरोप असिटिलकोलीन हे रसायन स्नायूपर्यंत नेते. विषातली छोटी प्रथिने स्नायूवरची त्याची जागाच अडवतात. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस मात्र बराच वेळ शुद्धीवर असू शकतो.

काल्मेत यांचा एक समज मात्र चुकला. नागाविरुद्धचे औषध सगळ्याच सापांवर चालेल, असे त्यांना वाटे. मुंबईत काम करणाऱ्या जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की घोणशीच्या विषापुढे ते टिकत नाही. घोणस आणि फुरसे मुख्यतः रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतात. म्हणून आज भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून एकच प्रतिविष बनते.

काल्मेत १९३३ मध्ये वारले.

कोकणातल्या घरांसाठी यातली मण्यार सर्वांत फसवी. घोणस, फुरसे चावले की आग होते, सूज येते. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते आणि फारसे दुखतही नाही. तिच्या विषातले एक प्रथिन नसेचे टोकच निकामी करते. ते प्रतिविषाने लगेच दुरुस्त होत नाही, रुग्णाला कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. त्यामुळे दुखण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे लागते.