विश्लेषण : बोसांना राजहराचे लोखंड दिसले, टाटा पाहून गेले... तरी डाव दुसरीकडेच!

मोठी खाण कंपनी छोट्या कंपनीला विकत घेणार, अशी कुजबुज झाली की छोटीचा शेअर उसळतो. अशा ‘टिप्स’ आता आमगावच्या मोबाइलवरही येतात. पैसे लावण्याआधी भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचे आयुष्य पाहावे. त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच रेल्वेमार्गावर घडला.

बोस कोण होते?

जन्म १८५५ चा, बंगालमधील गोबरडांगाजवळच्या गायपूरचा. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून १८७४ मध्ये ते लंडनला गेले. तिथल्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून १८८० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. अर्थतज्ज्ञ रमेशचंद्र दत्त यांची कन्या कमला त्यांच्या पत्नी.

आमगावच्या पट्ट्याशी संबंध काय?

आमगावहून सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव करत गाडी दुर्गला पोहोचते. दुर्गच्या दक्षिणेला दल्ली-राजहराच्या टेकड्या आहेत. तिथल्या लोहखनिजाची नोंद बोस यांनी १८८७ मध्ये केली. तेव्हा हा सारा मुलूख मध्य प्रांतात होता. पुढे बरीच वर्षे ती नोंद सरकारी कागदांतच राहिली.

टाटा तिथे कसे पोहोचले?

जमशेटजी टाटांनी आधी चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे शोध घेतला. खनिज चांगले होते, पण जवळचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही. पुढे दोराबजी टाटा नागपुरात अधिकाऱ्याची वाट पाहत असताना समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूगर्भ नकाशावर त्यांना दुर्गकडचे लोखंड दिसले. अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांच्यासह ते राजहराला गेले. खनिज अव्वल दर्जाचे होते. अडले ते पाणी आणि कोळशाच्या सोयीवर.

मग कारखाना कुठे झाला?

१९०३ मध्ये सेवेने कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांना संचालकपद मिळाले आणि बोस यांनी नोकरी सोडली. मयूरभंज संस्थानात भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून काम करताना त्यांना गोरुमहिसानीचे लोहखनिज सापडले. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र पाठवून ते कळवले. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले. पण तपासणी पुढे चालली आणि पारडे मयूरभंजकडे झुकले, कारण तिथून झरियाचा कोळसा जवळ होता. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, १९१२ मध्ये पोलाद तयार झाले.

शेअर घेणाऱ्याने यातून काय घ्यावे?

समजा, १९०४ मध्ये राजहराची एखादी छोटी कंपनी असती. टाटा येऊन गेल्याची बातमी खरी ठरली असती, खनिज उत्तम असल्याचेही खरेच होते. तरीही भाव चढल्यावर शेअर घेणारा अडकला असता. राजहराचे खनिज मोठ्या प्रमाणावर निघू लागले ते भिलाई पोलाद कारखान्यासाठी. त्याची पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली, म्हणजे बोस यांच्या नोंदीनंतर ७२ वर्षांनी.

मोठी कंपनी एकाच वेळी अनेक साठे पाहते आणि सोयीचा निवडते. म्हणून ‘पाहायला आले’ म्हणजे ‘घेतले’ नव्हे. साठ्याच्या आकड्याबरोबर रेल्वे, पाणी, वीज, वनमंजुरी आणि कंपनीचे कर्जही पाहावे.

खरा व्यवहार कसा ओळखावा?

‘सेबी’च्या २०११ च्या नियमांनुसार, नोंदणीकृत कंपनीतील २५ टक्के किंवा अधिक मताधिकार घेणाऱ्याला साधारणपणे आणखी किमान २६ टक्के शेअरसाठी खुला देकार, म्हणजे ओपन ऑफर, जाहीर करावी लागते. तशी घोषणा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिसते. ती नसेल तर हाती असते ती अफवाच.

बोस यांचे पुढे काय झाले?

१९०६ मध्ये ते बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य झाले. शेवटची वर्षे त्यांनी रांचीत काढली. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी शोधलेल्या दोन्ही ठिकाणचे लोखंड कामी आले. एकाला काही वर्षे लागली, दुसऱ्याला सात दशके. सट्टा लावणाऱ्याकडे इतका वेळ असतो का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.