हेलन केलर आणि तिची मुकी सोबत

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया नावाचे छोटे गाव आहे. तिथे 27 जून 1880 रोजी हेलन केलरचा जन्म झाला. 19 महिन्यांची असताना तिला जोराचा ताप आला. ताप उतरला तेव्हा घरच्यांना हायसे वाटले, पण थोड्याच दिवसांत लक्षात आले की मुलीला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तिला नेमके काय झाले होते, हे तेव्हाच्या वैद्यकाला सांगता आले नाही. मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हणजे मेनिंजायटिस झाला असावा, असे आजच्या अनेक तज्ज्ञांना वाटते. या आजाराच्या काही प्रमुख जंतूंवर आज लस आहे. त्यांपैकी हिब या जंतूवरची लस आपल्याकडील बाळांच्या नेहमीच्या लसीकरणातच मिळते.

हेलनने हातवाऱ्यांची स्वतःची अशी भाषा तयार केली होती. तिच्याजवळ साठेक खुणा होत्या. तिच्या सोबतीला असणारे मात्र मोजकेच: आई, स्वयंपाकिणीची मुलगी मार्था आणि बेल नावाची सेटर जातीची म्हातारी कुत्री. बेलला शेकोटीजवळ झोपायला आवडे. हेलन तिलाही आपल्या खुणा शिकवू पाहत असे आणि बेल काही दाद देत नसे.

पुढे या खुणा अपुऱ्या पडू लागल्या, तशी मुलगी चिडखोर झाली. जेवताना ती प्रत्येकाच्या ताटात हात घाली. एकदा तिने आईला कोठीत कोंडले, तर एकदा धाकट्या बहिणीचा पाळणा उलथवला. आईवडिलांना तिची कीव येई, म्हणून तिला कोणी अडवत नसे. अपंग मुलाच्या घरात आजही हेच घडताना दिसते. माया असते, पण शिस्त लावायला मन धजत नाही.

तरी हे आईवडील हातावर हात ठेवून बसले नाहीत. लॉरा ब्रिजमन या बधिरांध मुलीला शिकवता आले होते, हे आईने चार्ल्स डिकन्सच्या प्रवासवर्णनात वाचले होते. वडिलांनी हेलनला बाल्टिमोरच्या नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना भेटायला सुचवले, तर बेल यांनी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेकडे पत्र लिहायला सांगितले. त्या शाळेने पाठवलेली 20 वर्षांची शिक्षिका अॅन सुलिव्हन 3 मार्च 1887 रोजी टस्कंबियात पोहोचली. लहानपणी खुपरीने तिचीही दृष्टी बरीच गेली होती.

अॅनने पहिली अट घातली ती कुटुंबालाच. हेलनला काही दिवस बागेतल्या छोट्या घरात, आपल्याबरोबर वेगळे राहू द्यावे, असे तिचे म्हणणे होते. पोटच्या पोरीला असे दूर ठेवणे आईवडिलांना जड गेले, तरी त्यांनी होकार दिला. वडील सकाळ-संध्याकाळ डोकावून जात.

एकदा ते बेलला सोबत घेऊन आले. हेलन बाहुलीला आंघोळ घालत होती. अर्ध्या मिनिटात तिला कुत्रीचा वास आला. बाहुली पाण्यात टाकून ती चाचपडत निघाली आणि खिडकीजवळ दबून बसलेल्या बेलच्या गळ्यात पडली. मग शेजारी बसून तिने बेलचे पंजे हातात घेतले व नख्या हलवू लागली. ती काय करते आहे, हे क्षणभर कोणालाच उमगेना. नंतर तिने स्वतःच्या बोटांनी बाहुलीच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे काढली, तेव्हा उलगडा झाला. नुकताच शिकलेला शब्द ती कुत्रीला शिकवत होती.

पाण्याच्या हापशाखाली हेलनला शब्द आणि वस्तू यांचा संबंध कळल्याचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. तो यानंतर, एप्रिलमध्ये घडला. बेलला शिकवताना शब्दाचा अर्थ हेलनला अजून कळलेला नव्हता, पण हाताला आलेली नवी गोष्ट कोणाला तरी द्यावी, ही ऊर्मी तिच्यात जागी झाली होती. कुत्री चूक काढत नाही, हसत नाही, घाईही करत नाही. शाळेत वाचताना अडखळणारी मुले कुत्र्याजवळ बसून मोठ्याने वाचतात, असा उपक्रम 1999 मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत सुरू झाला. त्यामागचा विचार हाच आहे.

त्या प्रसंगातली दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. बेल खिडकीजवळ दबून बसली होती, कारण छोट्या मालकिणीच्या दांडगाईचा तिला अनुभव असावा. प्राणी मुका असला तरी त्याचे शरीर बोलत असते. अंग चोरणे, शेपटी खाली घालणे, मान वळवणे या त्याच्या नकाराच्या खुणा आहेत. त्या मुलांना शिकवणे हे घरातल्या मोठ्यांचे काम. कुत्रा चावण्याच्या अनेक घटना तेवढ्याने टळतात.

पुढे हेलन बोस्टनला पर्किन्समध्ये जाऊ लागली. विल्यम वेड नावाच्या हितचिंतकाने तिला लायनेस ही मास्टिफ जातीची धिप्पाड कुत्री भेट दिली होती. हेलन 10 वर्षांची असताना एका पोलिसाने लायनेसला गोळी घातली. ही बातमी वेड यांनी एका नियतकालिकात छापून आणली, तेव्हा नवा कुत्रा घेण्यासाठी अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून पैसे देऊ करणारी पत्रे येऊ लागली.

हेलनने कुत्रा घेतला नाही. पेनसिल्व्हेनियात टॉमी स्ट्रिंगर नावाचा एक मुलगा होता. पाच वर्षांचाही नव्हता, आई वारलेली, आजारपणात दृष्टी व श्रवण दोन्ही गेलेले. त्याची रवानगी निराधार गरिबांच्या आश्रमात होण्याची वेळ आली होती. कुत्र्यासाठीचे पैसे टॉमीच्या शिक्षणाला द्यावेत, असे हेलनने दात्यांना आणि वर्तमानपत्रांना कळवले. 1891 च्या एप्रिलमध्ये टॉमी पर्किन्सच्या बालवर्गात दाखल झाला. पुढे तो लाकूडकामात चांगलाच तरबेज झाला.

हेलन 1904 मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाली. कुत्र्यांची सोबत पुढेही होती. 1937 मध्ये जपानच्या दौऱ्यात तिला अकिता जातीचे पिल्लू मिळाले, पण ते वर्षाचे होण्याआधीच डिस्टेंपरने दगावले. पुढे जपानमधून त्याचाच भाऊ तिच्याकडे पाठवण्यात आला. डिस्टेंपरची लस आज सर्वत्र मिळते. मुलांच्या जवळ येणाऱ्या कुत्र्याला ती आणि रेबीजची लस दिलेली असणे ही पहिली अट आहे. कुत्रा चावला किंवा ओरखडा काढला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

कुत्रा उपचारात मदतनीस ठरू शकतो, हे न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी 1962 मध्ये मांडले. त्यानंतर अनेक अभ्यास झाले. प्राण्याच्या सहवासात मुलांचा ताण कमी होतो, असे त्यांतील काहींत दिसते. मात्र हे अभ्यास बहुधा लहान आहेत आणि प्राणी हा शिक्षकाला किंवा उपचाराला पर्याय नाही. हेलनच्या बाबतीतही बेलने तिला भाषा दिली नाही. ती दिली अॅनने, आणि मन घट्ट करून अॅनचे ऐकणाऱ्या आईवडिलांमुळे ते शक्य झाले. शिकलेले कोणाला तरी द्यावे, असे वाटले तेव्हा बेल जवळ होती, एवढेच. आणि तेही थोडे नव्हते.

1955 मध्ये हेलन भारतात येऊन गेली. 1 जून 1968 रोजी तिचे निधन झाले. तिच्या नावाची बधिर व बधिरांध मुलांसाठीची संस्था 1977 मध्ये मुंबईत सुरू झाली. स्पर्शातून शब्द शिकणारी मुले आज तिथे शिकतात.