साने गुरुजी आणि मोळीवाल्या म्हातारीची नातवंडे

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ पुढे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आणि मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना अशा शिक्षकाचे मोल निराळे सांगावयास नको. घरापासून दूर आलेले, रात्री आईच्या आठवणीने व्याकूळ होणारे मूल हाच गुरुजींचा पहिला वाचक होता.

१९३० साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. पोहायला जायला नको म्हणून लपून बसणारा श्याम मुलांना आपलासा वाटतो, कारण गुरुजींनी त्याचे दोष झाकले नाहीत.

या पुस्तकातील एका प्रसंगापाशी आम्ही वर्गात नेहमी थांबतो. एका महार म्हातारीची मोळी खाली पडते. विटाळाच्या भयाने कोणी पुढे होत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यावयास पाठविते. घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. ब्राह्मण घरातील मुलासाठी हा करुणेचा धडा होता. आमच्या वर्गात मात्र त्या म्हातारीची नातवंडे बसलेली असतात आणि त्यांना ती आंघोळ खुपते. लिहिताना ही मुलेही गुरुजींच्या डोळ्यांपुढे होती काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

त्याचे उत्तर आम्ही पुस्तकाबाहेर, त्यांच्या आयुष्यात शोधतो. १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच ते सोडले. बाबासाहेबांनी १९३५ च्या येवला घोषणेने मंदिराची वाट केव्हाच मागे टाकली होती. आपला मार्ग निराळा होता. तरीही श्यामच्या आंघोळीची गोष्ट लिहिणाऱ्यानेच तो विटाळ जावा म्हणून प्राण पणाला लावले, ही नोंद इतिहासाच्या शिक्षकाने टाळू नये. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले.

तो प्रसंग आम्ही वगळीत नाही. मुलांना तो वाचावयास देतो आणि नंतर तीच हकिकत म्हातारीच्या नातवाने सांगितल्याप्रमाणे लिहावयास सांगतो.