आयुष्यात एकही बंदूक डिझाईन केली नाही, पण त्याच्या नावाच्या रायफली लोक आजही खोक्यात जपून ठेवतायत

अमेरिकेतल्या अनेक घरांत एक लांबट पुठ्ठ्याचं खोकं असतं. आजोबांनी साठ-सत्तरच्या दशकात घेतलेलं. आत एक चकचकीत रायफल, तिच्यावर सोनेरी नक्षी, दस्त्यात बसवलेलं एखादं पदक आणि बाजूला कंपनीची कागदपत्रं. आजोबांनी ती कधी चालवली नाही, कारण पुढं तिचा भाव वाढणार होता. आजोबा गेले, नातवानं खोकं दुकानात नेलं आणि दुकानदारानं जो आकडा सांगितला तो ऐकून नातू गप्प बसला.

या रायफलींवर बहुतेक वेळा एकच नाव असतं. विंचेस्टर.

आणि गंमत अशी की हा विंचेस्टर नावाचा माणूस मूळचा शर्टवाला.

ऑलिव्हर फिशर विंचेस्टरचा जन्म ३० नोव्हेंबर १८१० चा, बोस्टनचा. वडील तो तान्हा असतानाच गेले. घरात पैसा नव्हता, त्यामुळं लहानपणापासून मिळेल ते काम केलं. पुढं सुतारकाम, बांधकाम करत तो बाल्टिमोरला पोचला आणि तिथं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं.

दुकानात बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की शर्ट गळ्यापाशी ओढला जातो आणि गिऱ्हाईक वैतागतं. कापड कापण्याची पद्धत बदलली तर हा ताण खांद्यावर जाईल, असा त्यानं विचार केला. १८४८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. न्यू हेवनमध्ये जॉन डेव्हिस या भागीदाराबरोबर शर्टांचा कारखाना काढला आणि बक्कळ पैसा कमावला.

आता पैसा आला की तो कुठंतरी गुंतवावा लागतो. १८५५ मध्ये त्यानं व्होल्कॅनिक रिपीटिंग आर्म्स नावाच्या कंपनीत पैसे घातले. ही कंपनी काढणारे दोघं होते होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन. हो, तेच. पुढं रिव्हॉल्व्हरसाठी जगभर गाजलेले स्मिथ अँड वेसन.

व्होल्कॅनिकची कल्पना भारी होती. ट्रिगरभोवतीची लोखंडी कडी खाली ओढायची, पुन्हा वर घ्यायची, की पुढची गोळी आपोआप जागेवर. यालाच लिव्हर ॲक्शन म्हणतात. पण दारू गोळीच्याच पोकळ बुडात भरलेली असायची, त्यामुळं ती पुरेशी बसायची नाही आणि मारा अगदीच कमजोर व्हायचा. कंपनी दिवाळखोरीत गेली. दुसऱ्या कुणी हात झटकले असते. विंचेस्टरनं मात्र मालमत्ता विकत घेतली आणि १८५७ मध्ये न्यू हेवन आर्म्स कंपनी उभी केली.

खरं डोकं चालवलं ते त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीनं. १८६० मध्ये हेन्रीनं धातूच्या काडतुसावर चालणाऱ्या रायफलीचं पेटंट घेतलं. बाकीचे सैनिक एक गोळी झाडून पुन्हा नळी भरत बसायचे, तेव्हा या रायफलीत नळीभर काडतुसं एकदाच भरता यायची. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. विंचेस्टरनं नक्षीकाम केलेली एक हेन्री रायफल थेट राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना भेट दिली. हिशेब सरळ होता, साहेब खूश झाले तर लष्कराची ऑर्डर मिळेल. मोठी ऑर्डर काही मिळाली नाही, सरकारनं दोनेक हजारांच्या आतच रायफली घेतल्या. पण नक्षी काढलेली खास बंदूक जाहिरातीचं काम करते, हा धडा या कंपनीनं पुढची शंभर वर्षं गिरवला.

युद्ध संपलं आणि घरातच भांडण लागलं. आपल्याला पुरेसा मोबदला मिळाला नाही असं हेन्रीला वाटत होतं. विंचेस्टर युरोपात असताना त्यानं कंपनीचा ताबा मिळवायचा प्रयत्न केला. विंचेस्टरनं परत येऊन सगळा डाव उलटवला आणि १८६६ मध्ये कंपनीची नव्यानं मांडणी करून तिला स्वतःचं नाव दिलं. विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी. ज्याचं डोकं होतं तो बाहेर पडला. त्याच साली विंचेस्टर कनेक्टिकट राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नरही झाला.

नव्या नावाची पहिली रायफल म्हणजे मॉडेल १८६६. नेल्सन किंग या माणसानं तिच्या बाजूला काडतुसं भरायची छोटी खिडकी दिली होती. मधला भाग पितळी रंगाचा, म्हणून लोक तिला यलो बॉय म्हणायचे. ऑटोमन तुर्कांनी या रायफली हजारोंनी घेतल्या आणि १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात रशियन फौजेला त्यांचा तडाखा बसला. त्याच्या आदल्या वर्षी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर होत्या, तर समोरच्या अमेरिकन घोडदळाकडं एकेक गोळी भरायच्या बंदुका.

मग आलं मॉडेल १८७३. पुढं त्याच्या सात लाखांहून जास्त रायफली बनल्या. आणि इथंच आपल्या खोक्याची गोष्ट सुरू होते.

कारखान्यात प्रत्येक नळी तपासून पाहिली जायची. ज्या नळ्यांचा नेम सगळ्यात अचूक बसायचा त्या बाजूला काढायच्या, त्यांच्यावर खास ट्रिगर आणि उत्तम फिनिश द्यायचं आणि नळीवर वन ऑफ वन थाउजंड असं कोरायचं, अशी योजना १८७० च्या दशकात निघाली. किंमत १०० डॉलर. त्या काळात ही रक्कम ऐकून सामान्य माणूस मागं सरायचा. योजना फार चालली नाही. हजारातली एक भारी, म्हणजे बाकीच्या ९९९ हलक्या का, असा प्रश्न गिऱ्हाईक विचारणारच होतं. मॉडेल १८७३ मध्ये अशा दीडशेच्या आतच रायफली बनल्या.

डिसेंबर १८८० मध्ये ऑलिव्हर विंचेस्टर वारला. तीन महिन्यांत मुलगा विल्यमही क्षयानं गेला. मुलाची बायको सारा मोठ्या संपत्तीची धनी झाली आणि तिनं कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं वाढवत नेलेलं घर आज पर्यटक तिकीट काढून बघतात. तो वेगळाच विषय.

कंपनी पुढं जावई थॉमस बेनेट यानं सांभाळली. त्यानं युटाहमधल्या जॉन ब्राउनिंगला गाठलं. ब्राउनिंगच्या डोक्यातून आलेलं मॉडेल १८९४ लाखो घरांत पोचलं.

१९५० मध्ये जेम्स स्टुअर्टचा विंचेस्टर '७३ हा सिनेमा आला. प्रसिद्धीसाठी युनिव्हर्सल स्टुडिओनं कुणाकडं वन ऑफ वन थाउजंड रायफल आहे का, अशी शोधमोहीमच काढली आणि माळ्यावर पडलेल्या काही रायफली बाहेर आल्या. आज यातली अस्सल रायफल लिलावात आली तर बोली लाखो डॉलरपर्यंत जाऊ शकते.

१९६४ मध्ये कंपनीनं दोन गोष्टी केल्या. खर्च वाचवायला मॉडेल ९४ ची बनावट स्वस्तात आणली, ज्याचा राग जाणकारांनी अजून सोडलेला नाही. आणि वायोमिंग राज्याच्या ७५ वर्षांनिमित्त स्मारक रायफल काढली, फक्त दीड हजारांच्या आसपास. ती खपली. मग मात्र गिरणी थांबलीच नाही. १९६६ मध्ये यलो बॉयच्या शताब्दीची सोनेरी मुलाम्याची रायफल, १९६८ मध्ये बफेलो बिल, १९६९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट, १९८१ मध्ये जॉन वेन. एकट्या बफेलो बिलच्या लाखाहून जास्त बनल्या.

गोची इथं आहे. वन ऑफ वन थाउजंड दुर्मिळ झाली कारण ती कुणी जपून ठेवायला घेतलीच नव्हती. लोकांनी ती वापरली, झिजवली, हरवली. स्मारक रायफल घेणाऱ्या प्रत्येकानं ती खोक्यात ठेवली. त्यामुळं पन्नास वर्षांनीही बाजारात तशाच कोऱ्या हजारो आहेत. त्यात महागाई धरा. १९६८ चा एक डॉलर म्हणजे आजचे जवळपास ९ डॉलर. तेव्हा १०० डॉलरला घेतलेली वस्तू आज ९०० ला विकली, तर कमाई शून्य.

म्हणून जाणकार दुकानदार आधी दोन गोष्टी बघतो. किती बनल्या होत्या आणि ही खरंच न चाललेली आहे का. कडी वरखाली केली की धातूवर बारीक ओरखडे उमटतात. स्क्रूच्या खाचा उचकटलेल्या असतील तर कुणीतरी ती उघडलीय. सोनेरी मुलामा हाताच्या घामानं काळवंडतो. मूळ खोकं, आतलं वेष्टन, कागद यातलं काही नसेल तर भाव पडतो. आणि एकदा जरी ती शिकारीला नेली असेल तर संग्राहकाच्या लेखी ती साधी वापरलेली रायफल होते. कित्येकदा तिच्यापेक्षा १९६४ च्या आधीची, रंग उडालेली, विनानक्षीची मॉडेल ९४ जास्त भाव खाऊन जाते.

वन ऑफ वन थाउजंडचं दुखणं उलटं. ती इतकी महाग की साध्या १८७३ वर ती अक्षरं कोरून नकली माल तयार होतो. त्यामुळं विकत घेणारा आधी वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडं धाव घेतो. विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या तिथं आहेत. रायफलीचा सिरियल नंबर दिला की ती कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली होती याचं पत्र मिळतं. नंबर जुळला तर नशीब, नाही जुळला तर नळीवरची सुंदर अक्षरं कुणाच्या तरी गॅरेजमधली.

१९८० मध्ये मृत्यूच्या शताब्दीला खुद्द ऑलिव्हर विंचेस्टरच्या नावाची स्मारक रायफल निघाली. ती बनवली मॉडेल ९४ वर, जे त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी ब्राउनिंगच्या डिझाईनवर बाजारात आलं होतं. त्याच्या शर्टाची मात्र स्मारक आवृत्ती अजून कुणी काढलेली नाही.